ग्रँड ज्युरी, थोरली पाती आणि राजीनामा

प्रश्न असा आलाय: 'कॅलिफोर्नियात साधे नागरिक ग्रँड ज्युरीत बसून सरकारी अधिकाऱ्यांना जाब विचारतात, आपल्याकडेही लोकांना असा अधिकार मिळावा यावर लेख लिहितोय. तिला महान्यायपीठ म्हटलं तर चालेल का? आणि तिने दोषी ठरवल्यावर अधिकारी राजीनामा देतो की बडतर्फ होतो?'

नाही चालणार. पीठ म्हटलं की न्यायाधीश आले, इथे ते नसतात. आणि ते 'दोषी ठरवलं' तर कृपा करून लिहू नका, 2023 मध्ये ट्रम्प प्रकरणात बातम्यांमधून ते ऐकून ऐकून कान किटले. गुन्ह्याच्या बाबतीत ग्रँड ज्युरी फक्त एवढंच बघते की खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, दोषी की निर्दोष ते नंतर 12 जणांची साधी ज्युरी ठरवते. दुसरं, ग्रँड म्हणजे इथे भव्यही नाही नि महानही नाही. फ्रेंचमधलं ग्राँ, म्हणजे मोठी, माणसांच्या संख्येने मोठी (अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांत 16 ते 23), आणि ती दुसरी, 12 जणांची, 'पेटी' (petit) ज्युरी, म्हणजे लहान. आपल्याकडे देवास संस्थानाच्या दोन शाखा, थोरली पाती नि धाकटी पाती, होत्याच की, तसं थोरली ज्युरी म्हणा! नाहीतर सरळ ग्रँड ज्युरी लिहा, शब्द काही परका नाही, ब्रिटिश काळातल्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात ती होती, 1832 च्या कायद्याने एतद्देशीयांनाही तिच्यात बसता यायला लागलं आणि 1865 ला ती बंद झाली.

कॅलिफोर्नियाचं थोडक्यात. 58 कौंट्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या), प्रत्येकीत दरवर्षी नवी ज्युरी, बहुतेक ठिकाणी 19 जण, लॉस एंजेलिसला 23. कौंटीचा कारभार, तुरुंग, हिशोब तपासायचे आणि अहवाल काढायचा, त्यावर निवडून आलेल्या अधिकाऱ्याने 60 दिवसांत नि कारभार बघणाऱ्या बोर्डाने 90 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. शिफारस मानलीच पाहिजे असं मात्र नाही. जाणूनबुजून गैरवर्तन केलेल्या अधिकाऱ्याला काढायचं तर ती आरोप ठेवू शकते, पण तोही पुढे कोर्टात सिद्ध व्हावा लागतो.

आता राजीनामा हा शब्द, खरी मजा इथे आहे. 'राजीखुशीने पद सोडायचं म्हणून राजीनामा' असं बिनधास्त सांगणारे विद्वान भेटतात, त्यांनी एकदा जुनी कागदपत्रं उघडून बघावीत. पेशवाईत पंचायत बसायच्या आधी वादी आणि प्रतिवादी दोघांकडून जो कागद लिहून घेत तो राजीनामा, की पंच जो निवाडा देतील तो आम्हाला मान्य. म्हणजे राजी व्हायचं ते निवाड्याला, खुर्ची सोडायला नव्हे! चौकशीच्या सुरुवातीचा कागद होता तो, आज चौकशी टाळायला देतात. उर्दूत राजीनामा म्हणजे अजूनही तडजोडीचा कागद, नोकरी सोडायला त्यांच्याकडे इस्तीफा, आणि मराठी, गुजराती, कानडी, तेलुगूत मात्र पद सोडणं. हे कसं झालं? माझं मत विचाराल तर वाटेत जमीन आहे. मुंबई इलाख्यात रयतेने जमीन सोडताना सरकारला लिहून द्यायचा तो राजीनामा, नवा घेणारा देई ती कबुलायत, जुन्या महसुली कागदांत हे दोन शब्द जोडीनेच सापडतात. जमीन सोडण्यावरून नोकरी सोडणं, एवढीच उडी. एका कोशप्रेमी मित्राला हे पटत नाही, तो म्हणतो अर्थ थेट फारसीतूनच आला, मग उर्दूत का नाही आला बाबा, तिला तर फारसी जास्त जवळची, यावर तो विषय बदलतो. आणि राजीनाम्याच्या जागी त्यागपत्र लिहिणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं, कॅमेऱ्यांसमोर पाय आपटत खुर्ची सोडणाऱ्याचा त्याग कसला?