तिशीच्या आत फिरून घ्यावं की रिटायर झाल्यावर फिरावं?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी परत मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. वय 28, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी, हातात पडणारा पगार 35 हजार, लग्न व्हायचंय, घर आईवडिलांचं. वर्षातनं दोन मोठ्या सहली, त्यात सत्तरेक हजार जातात. वडील म्हणतात, पैसे उडवतोस, आत्ता साठव आणि रिटायर झाल्यावर काय फिरायचं ते फिर.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पतसंस्थेत ठेवींच्या काउंटरला बसतो. वडिलांच्या या वाक्याचं पुढं काय होतं ते मला रोज समोर दिसतं. साखर कारखान्यातनं, शाळेतनं, एसटीतनं रिटायर झालेली माणसं पैसे ठेवायला येतात आणि पावती होईपर्यंत हमखास सांगतात, आता आम्ही दोघं काशी करून येणार. मुदत संपली की तीच पावती रिन्यू करायला येतात. काशीचं विचारलं तर कुणाचा गुडघा, कुणाची बायपास, कुणाच्या नातवाची शाळा. पैसे व्याजासकट जागेवर असतात, माणूस जायच्या अवस्थेत नसतो.

पण काउंटरची दुसरी बाजूही आहे. हल्ली फिरायला म्हणून कर्ज मागणारी तरुण पोरं येतात, किंवा क्रेडिट कार्डावर सहल करून ते फेडायला आमच्याकडं येतात. कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. स्टेटसला लावलेले फोटो चोवीस तासांत जातात, हप्ता वर्षभर येत राहतो. या बाबतीत मी शंभर टक्के तुमच्या वडिलांच्या बाजूचा आहे. उधारीवर फिरणं बंद, मग ते लडाख असो नाहीतर गोवा.

आता माझं मत. सहलींची वर्गवारी पैशावर करू नका, शरीरावर करा. गौरीकुंडापासनं केदारनाथपर्यंत सोळा-सतरा किलोमीटरचा चढ आहे आणि देऊळ साडेतीन हजार मीटरच्या वर. घोडा, डोली, हेलिकॉप्टर सगळं मिळतं, पण विरळ हवा साठीतल्या छातीला सवलत देत नाही. लडाखचंही तेच. असली ठिकाणं तिशी-चाळिशीतच उरकायची. उलट अष्टविनायक, पंढरपूर, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही वय झाल्यावरही निवांत होतात आणि यातली आपल्या राज्यातली तर स्वस्तही पडतात. ऑगस्ट 2022 पासून राज्यात पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. ती यादी खुशाल नंतरसाठी ठेवा.

मात्र म्हातारपणी सगळंच स्वस्त होतं हा हिशेब डोक्यातनं काढा. रेल्वेत साठीच्या पुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना 50 टक्के सूट होती, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. त्या सवलतीच्या भरवशावर भारत दर्शन आखलेली कितीतरी जोडपी मला माहीत आहेत. शिवाय महागाई. सहा टक्क्यांनी धरली तरी आज 50 हजारांत होणारी सहल बारा वर्षांनी लाखाच्या घरात जाते.

तुमच्या पगारात हे बसवायचं कसं? सगळ्यात आधी लाख-सव्वा लाख असे बाजूला ठेवा की कधीही काढता येतील. कोल्हापूरकराला याचं कारण वेगळं सांगायला नको. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली की काय होतं ते 2019 आणि 2021 ला आपण बघितलंय. शिरोलीला हायवे बंद, कारखान्यांना कुलपं, कामगाराचे खाडे. त्या दिवसांत आमच्याकडं मुदतीआधी ठेवी मोडायला लागलेली रांग मी विसरलेलो नाही. तेवढी गंगाजळी झाल्याशिवाय मोठी सहल नाही.

त्यानंतर महिन्याला पाच हजार पीपीएफमध्ये टाका. महिन्याच्या 5 तारखेच्या आत टाका, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडतं. सध्याचा 7.1 टक्के दर टिकला तर पंधरा वर्षांनी सोळा लाखांच्या आसपास जमतात, आणि तेव्हा तुम्ही फक्त त्रेचाळीस वर्षांचे असाल. (पतसंस्थेत बसून पीपीएफची जाहिरात करतोय, आमच्या संचालकांना सांगू नका.)

मग फिरण्याचे महिन्याला तीन हजार, वेगळ्या आरडीत. हा आकडा तुम्हाला टोचेल, कारण वर्षाचे 36 हजारच होतात, आजच्या निम्मे. मित्रांची भिशी असेल तर तीही चालेल, फक्त भिशीत सगळे डोळे झाकून विश्वास ठेवावा असेच हवेत. निम्म्या पैशात फिरणं निम्मं होत नाही, तऱ्हा बदलते. एक मोठी सहल ठेवा, विमान सोडा, दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनची आठवड्याची गाडी धरून उत्तरेला जा. दुसऱ्या सहलीच्या जागी घराजवळचं बघा. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलाय का कधी? मसाई पठारावरचा पाऊस आडवा लागतो, पांढरपाणी गावापर्यंत चिखल गुडघ्याला येतो, दोन दिवसांत अंगातला माज उतरतो आणि खर्च म्हणाल तर रंकाळ्यावर चार संध्याकाळी भेळ खाण्याइतका. दाजीपूर, गगनबावडा, आंबोली एसटीच्या टप्प्यात आहेत. आपली माणसं मनालीचा बर्फ बघून येतात आणि गगनगडावर कधी पाय ठेवलेला नसतो, याचं मला खरंच नवल वाटतं.

लग्न ठरलं की हे सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल, ते तेव्हा दोघांनी बसून मांडा. त्यात मी पडत नाही.

राहिला वडिलांचा विषय. तुम्ही फक्त तुमचं वय धरलंय. 'रिटायर झाल्यावर' म्हणणारे वडील स्वतः आत्ता साठीच्या आसपास असणार, म्हणजे नंतरचं जे काही आहे ते त्यांच्यासाठी आजच आहे. तेव्हा यंदाची एक सहल त्यांच्यासकट करा. कोल्हापुरातनं थेट तिरुपतीला हरिप्रिया एक्सप्रेस आहे. अंबाबाईला बालाजीचा शालू येतो, त्या निमित्तानं तरी आई तयार होईल. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना आणि साठीच्या पुढच्या पुरुषांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, त्या दोघांचं तिकीट त्यात काढा, तुम्ही वर झोपा. वडील खर्च विचारतील आणि नको म्हणतील. आधी आईला सांगा, तिचा होकार घ्या आणि तिकिटं काढून मोकळे व्हा.