मगरीच्या पोटावरचे डाग : मलम लावायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की झूमध्ये मगरींची ड्युटी नवीन लागलीय, चार पिल्लांच्या पोटावर तपकिरी डाग आलेत आणि कोणीतरी हळद-खोबरेल लावायला सांगितलंय. तेल अजिबात लावू नका हो, ते घाण धरून ठेवतं आणि खाली जखम वाढत्येय का तेच दिसत नाही.

आधी तो रोगच आहे का ते बघा. आपल्या कृष्णेतली मगर, कोणी सुसर म्हणतं, कन्नडमध्ये मोसळे, तिच्या पोटावरच्या खवल्यांवर पण एकेक बारीक टिंब असतं, स्पर्श कळायला, नवीन माणूस त्यालाच बुरशी समजतो. पाठीवरचं शेवाळ रोग नव्हे. कातही सापासारखी अख्खी निघत नाही, तुकड्या-तुकड्यानं निघते.

खरा तपकिरी डाग बहुतेक दोन खवल्यांमधल्या मऊ सांध्यात सुरू होतो. हा डर्मॅटोफिलस असू शकतो, आणि तो दिसायला बुरशीसारखा असला तरी बॅक्टेरिया आहे, म्हणून बुरशीच्या मलमानं बरा होत नाही. आम्ही एका थंडीत महिनाभर तेच मलम लावत बसलो, डाग वाढतच गेले, पिल्लांनी खाणं कमी केलं, शेवटी डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढला, अर्धा तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये, अर्धा कल्चरसाठी, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायला, निर्जंतुक डबीत, तेव्हा कळलं. ते दिवस मला अजून लागतात. हाताळताना ग्लोव्हज घालाच, हा माणसालाही होतो.

डोक्यावर, जबड्याच्या कडेला पण तपकिरी खपल्या असतील तर पॉक्स असू शकतो. तो व्हायरस, त्याला थेट औषध नाही, ऊब आणि स्वच्छता नीट असेल तर बहुतेक पिल्लं सावरतात. पोट लालसर झालंय आणि पिल्लू सुस्त पडलंय तर मात्र रक्तात इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा.

आता मुद्द्याचं. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१४ वर येतो, सिमेंटची टाकी बर्फासारखी होते. मगरीचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं, ३०-३२ च्या आसपास ऊब मिळाली तरच तिची प्रतिकारशक्ती आणि औषध नीट काम करतं, गारठ्यात दिलेलं चांगलं इंजेक्शन पण वाया जातं. म्हणून कोरड्या जागेवर हीट लॅम्प लावा, पण पिल्लाला दूर सरकायला सावली ठेवा. खाऊन उरलेले मासे त्याच दिवशी काढा, पाणी बदला, नवीन पाणी एकदम गार नको. गर्दी असली की चावाचावी होते, खरखरीत तळावर पोट घासतं, आणि त्याच ओरखड्यांतून जंतू आत जातात. डाग असलेलं पिल्लू वेगळं करा, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीननं पुसून काही तास उबदार कोरड्या जागी ठेवा, मग पाण्यात सोडा. अँटिबायोटिक आणि डोस डॉक्टरच ठरवतील, फक्त इंजेक्शन पुढच्या पायात द्यायची आठवण करा, मागच्या भागातलं रक्त, आणि त्याबरोबर औषध, अंगभर पोचायच्या आधी किडनीकडं जाऊ शकतं.

आणि हे सगळं झूसाठीच हं. मगर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पुरात शेतात आलेलं पिल्लू कोणी घरी ठेवलं असेल तर वनखात्याला कळवा.

उद्या पहाटे टाकीतल्या पाण्याचं तापमान मोजा आणि पोटाचा जवळून फोटो टाका, सांधा नीट दिसेल असा, मग पुढचं बोलू.