600 जणांत 2 बाधित: हत्तीरोगाच्या रॅपिड कार्डाची पारख कशी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातील एका किनारी तालुक्यात प्रबंधासाठी आपण 600 जणांच्या रात्रीच्या रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या आणि त्याच 600 जणांवर हत्तीरोगाचे नवे रॅपिड कार्ड, म्हणजे थेंबभर रक्तावर काही मिनिटांत निकाल दाखवणारी चाचणी, वापरून पाहिले. काचपट्टीवर 2 जण बाधित निघाले, तर कार्डावर ते दोघे धरून 5. दोन्ही चाचण्यांचे 597 जणांबाबत, म्हणजे 99.5 टक्के एकमत झाले, तेव्हा कार्ड विश्वासार्ह ठरले असे लिहिता येईल का? जास्तीच्या तिघांपैकी दोघे आंब्याच्या बागेतील नेपाळी राखणदार आहेत, असेही आपण कळवले आहे.

तसे लिहिता येणार नाही. मात्र या आकड्यांवरून कार्ड वाईट आहे असेही म्हणता येणार नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

समजा आपण कार्डाऐवजी कोऱ्या कागदाचा तुकडा वापरला असता आणि सर्व 600 जणांना निरोगी ठरवले असते, तर काचपट्टीशी त्या कागदाचे 598 जणांबाबत, म्हणजे 99.67 टक्के एकमत झाले असते. कोरा कागद आपल्या कार्डाच्या पुढे गेला! रोग जवळजवळ नाहीसा झालेल्या गावात एकमताची टक्केवारी चाचणीबद्दल काही सांगत नाही, ती फक्त गावात रोग उरलेला नाही एवढेच सांगते. कप्पा गुणांक, म्हणजे योगायोगाने होणारे एकमत वजा करून उरलेल्या एकमताचे माप, काढूनही फार साधणार नाही. आपल्या आकड्यांवर तो सुमारे 0.57 येतो, पण त्या तिघांपैकी एकाच्या काचपट्टीवर एखादा जंतू दिसला असता, तर तोच 0.75 वर गेला असता. 600 जणांच्या अभ्यासाचा निकाल जर एका माणसाच्या एका थेंबावर फिरत असेल, तर त्यावर प्रबंधाचे प्रकरण उभे करू नये. "बाधित दोघेही कार्डाने ओळखले, म्हणून संवेदनक्षमता (खऱ्या बाधितांना ओळखण्याचे प्रमाण) 100 टक्के" हे वाक्य लिहायचेच असेल तर त्यापुढे 95 टक्के विश्वास-अंतरही, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असू शकतो त्याही, लिहावे. ते साधारण 16 ते 100 टक्के इतके रुंद आहे.

आता ज्या काचपट्टीला आपण प्रमाण मानले तिच्याकडे वळू. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत अशा पट्ट्या पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे तिच्याबद्दल मला आदर आहे, पण भाबडेपणा नाही. हत्तीरोग घडवणाऱ्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री साधारण दहा ते दोन या वेळेत वरच्या रक्तात येतात, म्हणून रात्रीचे रक्त घ्यावे लागते. (जत्रेत दशावताराचा खेळ रंगला असताना देवळाबाहेर टेबल मांडून आम्ही नमुने घेतले आहेत. गाव जागे असते, वेळ अचूक जुळते. फक्त जत्रेला आलेले म्हणजे अख्खे गाव नव्हे, त्यांत मुंबईहून आलेले चाकरमानीही असतात, हे विसरून चालत नाही.) त्या पट्टीवर रक्त असते 20 मायक्रोलिटर. एखाद्याच्या रक्तात दर मिलिलिटरला 10 पिल्ले असतील, तर या थेंबात सरासरी 0.2 पिल्लू येईल, म्हणजे अशा शंभर बाधितांपैकी जेमतेम 18 जण सापडतील. 60 मायक्रोलिटर घेतले तर सुमारे 45. डीईसी आणि अल्बेंडाझोल या कृमिनाशक गोळ्यांच्या सामुदायिक मोहिमा होऊन गेलेल्या भागात उरलेले बाधित बहुधा असेच, कमी घनतेचे असतात. शिवाय गोळ्यांनी पिल्ले मरतात, पण प्रौढ कृमी काही वर्षे तग धरू शकतो, आणि कार्ड प्रामुख्याने त्या प्रौढ कृमीचे प्रतिजन, म्हणजे त्याच्या अंगातून रक्तात उतरणारे द्रव्य, पकडते. म्हणूनच ते दिवसाही चालते. तेव्हा आपल्या तिघांना "खोटे बाधित" म्हणताना थांबावे. कदाचित चूक काचपट्टीची असेल आणि दोष आपण कार्डाच्या माथी मारत असू.

मग विशिष्टतेची, म्हणजे निरोगी माणसाला निरोगीच ठरवण्याच्या क्षमतेची, चिंता सोडायची का? मुळीच नाही, रोग संपत आला की सारा भार तिच्यावरच येतो. मोहीम थांबवायची की नाही हे ठरवणाऱ्या संक्रमण मूल्यमापन सर्वेक्षणात सहा-सात वर्षांची, म्हणजे पहिली-दुसरीतली मुले तपासतात. क्युलेक्स डासाने पसरणाऱ्या हत्तीरोगासाठी 1,692 मुलांचा नमुना असेल तर 20 पर्यंत बाधित चालतात. कार्डाची विशिष्टता 99 टक्के असेल, जी ऐकायला उत्तम वाटते, तर एकाही मुलाला कृमी नसताना 17 मुले बाधित दिसतील आणि 20 ची मर्यादा जवळजवळ खोट्यांनीच भरेल. ती 99.5 असेल तर 8 किंवा 9. म्हणजे 99 आणि 99.5 यांतला अर्धा टक्का हा जिल्हाभर पुन्हा गोळ्या वाटायच्या की नाही, इतका मोठा प्रश्न आहे. तो अर्धा टक्का आपल्या 600 जणांत मोजता येत नाही. ज्यांना कृमी नाही हे खात्रीने माहीत आहे अशा 300 जणांत एकही खोटा बाधित निघाला नाही, तरी खोट्यांचे प्रमाण 1 टक्क्याच्या आत आहे एवढेच म्हणता येते, 0.1 टक्क्याच्या आत आहे असे म्हणायला 3,000 जण लागतात.

म्हणून माझा सल्ला असा की सर्व उत्तरे एकाच तालुक्यातून काढण्याचा हट्ट सोडावा. विशिष्टतेसाठी हत्तीरोगाचा संसर्ग नसलेल्या भागातील नमुने घ्यावेत, आणि त्यांत इतर जंतांनी बाधित माणसेही असू द्यावीत, कारण गोंधळ तिथेच होतो. संवेदनक्षमतेसाठी गडचिरोली किंवा चंद्रपूरसारख्या, रोग अजून असलेल्या जिल्ह्यांतील प्रयोगशाळांशी मार्गदर्शकांमार्फत बोलावे. मात्र जुन्या काळचे, पिल्लांनी खच्चून भरलेले साठवणीतले नमुने मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये. त्यांवर कोणतेही कार्ड पास होते. आपल्याला हवे आहेत ते कमी घनतेचे नमुने. आणि कोकणातल्या आपल्या 600 जणांवरून कार्ड प्रत्यक्ष वापरात कसे वागते तेवढे लिहावे: उघडलेले पाकीट दमट हवेत किती वेळ पडून राहिले, निकाल ठरल्या मिनिटाला वाचला की चहा आटोपून, आणि पुसट रेघ दोन वाचकांनी एकमेकांना न विचारता तशीच वाचली का. उशिरा वाचल्याने निरोगी माणूस बाधित ठरतो. जुन्या कार्डांच्या बाबतीत हे वारंवार घडलेले आहे.

आणखी एक तांत्रिक चूक टाळावी. कार्डावर जे बाधित दिसले फक्त त्यांचीच पुन्हा तपासणी केली, तर कार्डाने चुकवलेले कधीच कळणार नाहीत. निरोगी ठरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडावेत आणि त्यांचीही तीच फेरतपासणी करावी. फेरतपासणी त्याच कार्डाने केल्यास हाताळणीची चूक उघड होते, पण रक्तातच काही आडवे येत असेल तर दुसरे कार्डही तेच खोटे बोलेल. तिथे वेगळ्या तत्त्वाची चाचणी हवी.

राहिले ते तिघे. नेपाळमध्ये हत्तीरोग आहे, त्यामुळे त्या दोन राखणदारांना कार्डाच्या पारखीत ठेवावे, परंतु तालुक्यात स्थानिक संक्रमण चालू आहे का या हिशेबात त्यांची नोंद वेगळी करावी. तिघांचेही रात्रीचे रक्त पुन्हा घ्यावे, या वेळी शिरेतून एक मिलिलिटर, आणि ते गाळून पाहावे. निकाल काहीही आला तरी त्यांची नावे प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवून औषधोपचाराची सोय करावी. आंब्याचा हंगाम संपला की राखणदार पावसापूर्वी घरी निघतात, तेव्हा हे काम मे महिन्याच्या आत उरकावे. प्रबंधाचे तक्ते जूनमध्येही करता येतील.