नॉर्वेत पैसेवालेही साधे राहतात, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की तीन महिन्यांनी नोकरीसाठी ऑस्लोला चाललोय, तिकडे करोडपतीसुद्धा साधे राहतात म्हणतात ते खरं का, आणि आपण तिथे कसं राहावं. मी मूळचा साताऱ्याचा, ऑस्लोत बारा वर्षं झाली. ऐकलंत ते बरंचसं खरं आहे. फक्त त्यामागचं जे कारण आपल्याकडे सांगितलं जातं, की ही माणसं मनानं थोर आहेत, ते मला पटत नाही.

आधी डोळ्यांना दिसतं ते सांगतो. माझ्या पहिल्या ऑफिसात साडेअकराला सगळे एका लांब टेबलावर जेवायला बसायचे. विभागप्रमुख बाई डबा उघडायच्या. त्यात पावाचे चार तुकडे, त्यावर तपकिरी चीज, आणि थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कागदाचे चौकोन. याला मातपाक्के म्हणतात. आदल्या आठवड्यात लागलेल्या मुलीचा डबाही अगदी तसाच. बाईंना सगळे नावानं हाक मारायचे. नॉर्वेजियनमध्ये पूर्वी ‘आपण’सारखं आदराचं सर्वनाम होतं, ते आता बोलण्यातून गेल्यातच जमा आहे. मला बाईंना नुसत्या नावानं हाक मारायला चार महिने लागले.

वसंतात सोसायटीचं डुगनाड असतं. हे आपल्या श्रमदानासारखंच. आवार झाडायचं, कुंपण रंगवायचं, शेवटी सगळ्यांनी मिळून सॉसेज भाजायचे. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एका मोठ्या कंपनीचे संचालक आहेत, हे मला तीन वर्षांनी समजलं. तोवर मी त्यांना दरवर्षी पालापाचोळा पोत्यात भरतानाच बघत होतो.

1973 च्या तेलटंचाईत इथे सुट्टीच्या दिवशी खासगी गाड्या चालवायला बंदी होती. तेव्हाचा राजा उलाव पाचवा स्की घेऊन ऑस्लोतल्या होल्मेनकोलन टेकडीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसला आणि तिकिटाचे पैसे पुढे केले. तो फोटो इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

या वृत्तीला यान्तेचा कायदा म्हणतात. आक्सेल सान्देमूसे या लेखकानं 1933 च्या एका कादंबरीत यान्ते या काल्पनिक गावाचे दहा नियम लिहिले. त्यांचं सार असं की आपण इतरांहून विशेष आहोत असं कुणी समजायचं नाही. लेखकानं ते गावाच्या कोतेपणावर टीका म्हणून लिहिले होते, हे मात्र बाहेरून येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. इथली कितीतरी तरुण मुलं या कायद्याबद्दल कौतुकानं नाही, तक्रारीनं बोलतात.

आता कारणाकडे येतो. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घरी बनियन-लुंगीवर असणारा हा माणूस बँकेत जाताना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा आणि काकांचं घड्याळ मागून घ्यायचा. म्हणायचे, कपडे बघून खुर्ची देतात. आजीच्या ऑपरेशनच्या वेळी एका खासगी हॉस्पिटलात आगाऊ रकमेवरून आम्हाला दोन तास बाकावर बसवून ठेवलं होतं. काकांची गाडी दारात येऊन उभी राहिली आणि काउंटरवरच्या माणसाचा आवाज बदलला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. तो बदललेला आवाज मी अजून विसरलेलो नाही. आपल्याकडच्या बडेजावाला लोक सरसकट पोकळ म्हणतात, तेव्हा मला तो बाक आठवतो. ते घड्याळ हौसेचं नव्हतं.

तेच घड्याळ घालून ऑस्लोत गेलं तर काय मिळेल? सरकारी दवाखान्यातली फी सगळ्यांना सारखी, आणि वर्षभरात 3,000 क्रोनच्या (क्रोन हे इथलं चलन) थोडं वर खर्च झाला की त्यापुढे जवळपास काही भरावं लागत नाही. इथल्या मुलांना सरकारी विद्यापीठात शिकवणीचे पैसे पडत नाहीत, राहण्या-खाण्यासाठी सरकारी कर्ज मिळतं. आमच्याकडे नळाचं काम करायला आलेला माणूस ईस्टरला डोंगरातल्या स्वतःच्या हित्तेवर, म्हणजे सुट्टीच्या लाकडी घरात जाणार होता. आमचे संचालकही ईस्टरला तेच करतात. साहेबी थाटानं रांगेत पुढचा नंबर लागत नसेल, तर तो थाट करायचा कुणासाठी?

शिवाय लपवालपवीला जागाच कमी आहे. प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न, निव्वळ संपत्ती आणि आकारलेला कर दरवर्षी जाहीर होतो, आणि हे सगळं करखात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतं. 2014 पासून मात्र तुम्ही कुणाचं नाव शोधलंत हे त्या माणसाला कळतं. दुसऱ्या वर्षी मी एका सहकाऱ्याचं उत्पन्न पाहिलं. पुढच्या आठवड्यात तो कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि शांतपणे म्हणाला, पगाराबद्दल काही विचारायचं असेल तर थेट विचार. रागावला नव्हता. मला फार लाज वाटली. नंतर आम्ही खरंच बोललो, आणि मला कळलं की मी वाटाघाटीत कमी मागितलं होतं.

पण सगळे सारखे आहेत या भ्रमात येऊ नका. ऑस्लोची पश्चिम बाजू आणि पूर्व बाजू यांतला फरक पहिल्याच महिन्यात दिसेल. शाळेत मुलांच्या जॅकेटवरची ब्रँडची छोटी पट्टी ती बाजू सांगते. पूर्वी हित्तेवर वीज-पाणी नसणं हीच प्रतिष्ठा होती, आता काही हित्ते आपल्या बंगल्यांना लाजवतील असे आहेत. 2022 मध्ये संपत्ती कराचा वरचा दर 1.1 टक्के झाला, त्यानंतर काही बडे उद्योजक सरळ स्वित्झर्लंडला राहायला गेले. आणि या साधेपणाचा मुलांना काचही होतो. माझी मुलगी गणितात वर्गाच्या बरीच पुढे होती, तरी शिक्षिका ते सगळ्यांसमोर बोलायला कचरायच्या. मला ते अजूनही आवडत नाही.

तुम्हाला खरी अडचण ऑस्लोत येणार नाही, ती गावी गेल्यावर येईल. मी एकदा आठ वर्षं वापरलेलं जॅकेट घालून साताऱ्याला उतरलो, तर मावशी आईला बाजूला घेऊन म्हणाली, पोराचं तिकडे बरं चाललंय ना? तिला खरोखर काळजी वाटली होती. तेव्हापासून गावी जाताना मी नवे कपडे आणि सगळ्यांसाठी काहीतरी घेऊनच जातो. याला मी दिखावा म्हणत नाही. तिच्या भाषेत ‘मी सुखरूप आहे’ हे असंच सांगता येतं. मात्र इथल्या आपल्या मंडळींच्या गणपतीत दुसऱ्या फ्लॅटचा आणि नव्या गाडीचा विषय निघाला की मी आरतीची ताटं लावायला उठतो. त्या बढाईतून कुणाच्याही आजीला बेड मिळणार नसतो, आणि नुकतं आलेलं एखादं जोडपं कोपऱ्यात गप्प होतं.

दागिने आणावेत का, असं तुमच्या पत्नीच्या मनात येईलच. जरूर आणा. 17 मेला, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिवशी, साध्या राहणाऱ्या याच बायका बूनाद नेसतात. तो भरतकाम केलेला पोशाख आणि त्यावरची चांदी मिळून हजारो क्रोनचा ऐवज असतो, आणि तेव्हा कुणी नाक मुरडत नाही, कारण तो बाजारातून आलेला थाट नसतो, आजीकडून आलेला असतो. आई इथे आली होती त्या वर्षी तिनं नऊवारी आणि पाटल्या घातल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला, पाटल्या निरखल्या आणि मग स्वतःच्या छातीवरची चांदीची पिन दाखवत कुणाची होती ते खुणांनी सांगितलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अर्धा तास उभ्या होत्या.

राहायला जाल त्या सोसायटीच्या पहिल्या डुगनाडला घरी बसू नका. दंताळं तिथेच मिळतं, हातमोजे मात्र आपले न्या.