'बिरू' हे नाव बिरुदावरून आलेलं नाही

जतहून आलेला प्रश्न असा: पणजोबांचं नाव बिरू होतं, आता नातवाचं बिरुदेव ठेवायचंय. या नावाचा अर्थ 'बिरुद मिळालेला देव' असा घ्यायचा का?

नाही. बिरुद म्हणजे पदवी. तिचा इथे संबंध नाही. बिरूच्या मुळाशी 'वीर' आहे.

मग व चा ब कसा झाला? मराठी सहसा व सोडत नाही. हिंदीत बीस, बाघ. आपल्याकडे वीस, वाघच. कन्नडमध्ये मात्र शब्दारंभीच्या व चा ब होणं नित्याचं आहे: वीर–बीर, वसति–बसदि, वृषभ–बसव. जतच्या पूर्व भागात तर आजही घराघरांत कन्नड बोलतात, त्यामुळे तिकडचा बीरप्पा आणि आपला बिरोबा, म्हणजे धनगरांचा देव, हे एकच नाव. 'अप्पा' म्हणजे बाप, 'बा' म्हणजेही बापच. मूळ शब्द तोच, फक्त आदराचा प्रत्यय ज्याच्या त्याच्या भाषेतला. मला या नावातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीला बिरोबाचं ठाणं ज्या झाडीत आहे, तिला 'बन' म्हणतात. ते बनसुद्धा मूळचं वनच!

अकारान्त नावाला 'बा' लागताना बहुधा मध्ये ओ येतो: खंड–खंडोबा, म्हस–म्हसोबा, तसाच बीर–बिरोबा. बिरू हे त्याचं लाडकं रूप, खंडू-विठूसारखं. माणूस वयाने वाढला की त्याचाच बिरूअण्णा, बिरूतात्या होतो.

लिहिताना चूक होते ती वेलांटीत. 'बीर' एकटा असेल तर दीर्घ. पुढे ओ किंवा ऊ आला की ऱ्हस्व, जसं मीठ–मिठाला, जीभ–जिभेला. 'वीर' तत्सम असल्याने 'वीराला' दीर्घच राहतो, आणि त्याकडे बघून लोक 'बीरोबा' लिहितात. ते टाळा. सुटा 'बिरू' असेल तर रू दीर्घ. 'बिरुदेव' असं जोडून लिहिताना रु ऱ्हस्व, हेच रूढ आहे.

जन्मनोंदीत थेट 'बिरुदेव' लिहा. नुसतं बिरू लिहिलं, की शाळेच्या दाखल्यावर कुणी बिरा करतं, कुणी बिरु, आणि पुढे आधारशी नाव जुळत नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक यू घ्यायचा की दोन ओ, तेही पहिल्याच कागदावर ठरवा. घरात हाक मारायला बिरू आहेच.