नवीन समुद्री टँकमधले चांगले बॅक्टेरिया मरू नयेत म्हणून काय करावं?

खाऱ्या पाण्याचा टँक नवीन लावलाय, बाटलीतले बॅक्टेरिया ओतलेत, ते जगवायचे कसे, असं तुम्ही विचारलंय. बाटलीचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्याकडे करंट किती वेळा जातो?

आमचा टँक बेळगावात अनगोळला, तीन फुटी, बाहेर कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे बंद डब्याचा; पंप टँकचं पाणी त्यातनं फिरवतो. सहा आठवडे मासा न सोडता कळ काढली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य (माशांच्या घाणीतनं होणारी विषं, हे बॅक्टेरिया तीच पचवतात), मगच दोन क्लाऊन मासे आणले. जुलैत मी भाताच्या लावणीला खानापूरला, आणि रात्री इकडे तारांवर झाड पडलं. घरी दाजी होते. फोनवर बजावलं, "फिल्टरचं बटण बंद करा, मी आल्याशिवाय लावू नका." नऊ तासांनी करंट आला. मासे गुदमरतील म्हणून दाजींनी बटण दाबलं.

दुपारी दार उघडलं तर सडक्या अंड्याचा वास. पाणी दुधाळ, दोन्ही मासे वर तोंड काढून. अमोनियाच्या टेस्टचं पाणी पिवळं राहायला पाहिजे, ते हिरवंगार. संध्याकाळी एक गेला.

दाजींचं म्हणणं, "मीठ जास्त घातलास." मीठ मोजायचा हायड्रोमीटर 1.025 दाखवत होता, म्हणजे समुद्राइतकंच! हे बॅक्टेरिया पाण्यात कमी, दगडांवर आणि फिल्टरमधल्या सच्छिद्र रिंगांवर जास्त असतात, आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. समुद्राच्या पाण्यात तो गोड्यापेक्षा साधारण एक पंचमांश कमीच मावतो. बंद डब्यात पाणी थांबलं की काही तासांत तो संपतो आणि आत कुजायला लागतं. बटण दाबलं की ती सगळी घाण टँकमध्ये. त्यात समुद्री पाण्याचा pH 8.2 च्या आसपास, तिथं अमोनिया जास्तच जहरी.

म्हणून करंट तासाभरात आला नाही तर डबा उघडा, रिंगा टँकमध्येच सोडा आणि बॅटरीवरचा एअर पंप लावा. डब्यातलं पाणी ओतून टाकल्याशिवाय फिल्टर लावायचा नाही. इन्व्हर्टर आधी पंपाला, टीव्हीला नंतर.

आता बाटली. दुकानात उन्हात ठेवलेली असेल तर घेऊच नका, तारीख बघा. ओतल्यावर थोडे दिवस यूव्ही (जंतू मारणारा दिवा) आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद. रिंगा नळाखाली धुवू नका, क्लोरीननं मरतात; टँकमधून काढलेल्याच पाण्यात खळबळा. गोल्डफिशच्या टँकमधला स्पंज इथं फारसा कामाचा नाही, तिथले बॅक्टेरिया गोड्या पाण्यातले.

कॅनिस्टरऐवजी संप, म्हणजे टँकखालची फिल्टरची उघडी टाकी, असेल तर माझी निम्मी भीती सोडा, तिथं पाणी उघडं असतं. आणि फुकट मिळतात म्हणून गोव्याहून प्रवाळाचे दगड उचलू नका, वन्यजीव कायदा 1972 चा आहे, अंगाशी येईल.

उरलेला क्लाऊन आता तीन वर्षांचा. दाजी आले की अजून टँकमध्ये बोट बुडवून जिभेला लावतात आणि म्हणतात, "बघ, खारट आहे." समुद्राचं पाणी खारटच असतंय की, दाजी!