एच-४ वर असताना नवरा ‘बिनविरोध घटस्फोटा’च्या कागदांवर सही मागतोय, करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर आहात आणि नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मारहाण आणि धमक्या चालू आहेत, पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे. आता तो म्हणतो, “भांडण नको, सही कर, दोन महिन्यांत मोकळे होऊ.” आणि अत्याचार झालेल्या बायकांना इथे वेगळं ग्रीन कार्ड मिळतं हे खरं का, असंही विचारलंय.

आज सही करू नका. पण कागद उशाखाली ठेवून गप्पही बसू नका. दोन्हींत नुकसान तुमचंच आहे.

न्यू जर्सीत ‘सहा महिन्यांपासून पटत नाही’ एवढ्या कारणावर घटस्फोट मिळतो. दोघांपैकी एकजण वर्षभर राज्यात राहिलेला असला की पुरे. त्यामुळे तुम्ही अडवून धरलं तरी घटस्फोट थांबत नाही. कोर्टाचे कागद रीतसर हातात पडले की उत्तराला ३५ दिवस मिळतात. ते गेले तर तुमच्या गैरहजेरीत त्याने मागितलेलं मंजूर होऊ शकतं. घटस्फोटाला विरोध नसेल पण पैशांबद्दल बोलायचं असेल, तर नुसता ‘अपिअरन्स’ (कोर्टात हजेरी नोंदवणारा कागद) दाखल करण्याचीही सोय आहे. बिनविरोध म्हणजे पोटगी, पैसा, कर्ज, घर या सगळ्यावर आधीच एकमत झालेलं असणं. कागद ‘आपल्या दोघांच्या वकिलाने’ केलेत असं तो सांगत असेल, तर तो वकील त्याचा आहे, तुमचा नाही.

मसुद्यात दोन कलमं शोधा. एक, पोटगीचा हक्क सोडल्याचं. एकदा सोडला की पुन्हा मागणं जवळजवळ अशक्य होतं. दुसरं, ‘पत्नी पोलिसांत तक्रार करणार नाही, केली असल्यास मागे घेईल’ असं काही. हे दुसरं साधं दिसतं, पण खाली सांगतोय त्या यू व्हिसाच्या, म्हणजे गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठीच्या व्हिसाच्या, मुळावर येतं.

आता व्हिसाचं. ज्या दिवशी घटस्फोटाचा हुकूम होतो, त्या दिवशी एच-४ चा आधार संपतो. त्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जात तुमचं नाव जोडलेलं असेल आणि तो मंजूर व्हायचा असेल, तर तोही तुमच्यापुरता तिथेच संपतो. विद्यार्थी व्हिसा किंवा दुसऱ्या कुठल्या दर्जाकडे जायचं असेल तर तो अर्ज हुकूम व्हायच्या आधी, एच-४ जिवंत असताना गेला पाहिजे. म्हणून आधी इमिग्रेशन वकील आणि मग घटस्फोटाचा वकील, हा क्रम पाळा. बहुतेक घटस्फोटाच्या वकिलांना व्हिसाचं गणित माहीत नसतं.

अत्याचार झालेल्या जोडीदाराने स्वतःच ग्रीन कार्डसाठी करायचा, मैत्रिणी ज्याला ‘वावा’ म्हणतात तो अर्ज म्हणजे फॉर्म आय-३६०. त्याला फी नाही, नवऱ्याची सही लागत नाही, आणि सरकारने त्याला कळवायचं नाही असा कायदा आहे. पुरुषही तो करू शकतात. पण अट अशी की अत्याचार करणारा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. नवरा नुसता एच-१बीवर असेल तर हा दरवाजा बंद आहे. त्याचं ग्रीन कार्ड येऊन तुम्हाला सांगितलेलं नसेल, अशा गोष्टी घडतात, तर मात्र दरवाजा उघडा आहे. घटस्फोटानंतरही दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, घटस्फोटाचा अत्याचाराशी संबंध दाखवावा लागतो. मंजुरीआधी दुसरं लग्न केलंत तर अर्ज बाद.

तुमच्या परिस्थितीत जास्त उपयोगाचा आहे यू व्हिसा, फॉर्म आय-९१८. त्यात नवऱ्याचा व्हिसा कुठला, लग्न टिकलं की मोडलं, याने फरक पडत नाही. गुन्हा अमेरिकेत घडलेला हवा, त्यातून तुम्हाला गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा झालेली हवी आणि तुम्ही तपासाला मदत केलेली हवी. पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांची ‘सप्लिमेंट बी’ या जोडफॉर्मवर (तुम्ही तपासाला मदत केल्याच्या दाखल्यावर) सही लागते, ती द्यायलाच हवी असं बंधन त्यांच्यावर नाही, आणि सहीनंतर सहा महिन्यांत अर्ज गेला नाही तर ती फुकट जाते. वर्षाला मुख्य अर्जदारांना १०,००० च यू व्हिसे मिळतात, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची आहे. अर्ज प्राथमिक तपासणीत खरा ठरला तर मधल्या काळात वर्क परमिट मिळू शकतं. याशिवाय अत्याचारग्रस्त एच-४ जोडीदारांसाठी आय-७६५व्ही हा वर्क परमिटचा वेगळा अर्ज आहे. त्याने नोकरी करता येते, पण देशात राहण्याचा दर्जा मिळत नाही. या दोन गोष्टी लोक हमखास एकच समजतात.

पासपोर्टसाठी आणि सुरक्षिततेसाठी रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे नवऱ्याला तुमच्यापासून दूर ठेवणारा कोर्टाचा आदेश, मागा. दिवसा काउंटीच्या फॅमिली कोर्टात, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पोलीस ठाण्यातून; फी नाही, व्हिसाची अट नाही. ओळखपत्रं परत द्यायचा आदेशही त्यातच मागता येतो. अंतिम सुनावणी साधारण दहा दिवसांत लागते. ‘दोघांवर एकमेकांविरुद्ध ऑर्डर घेऊ’ अशी तडजोड सुचवली तर नकार द्या. तुमच्यावरच्या ऑर्डरचा भंग झाला असं ठरलं तर तुम्हालाच देशाबाहेर काढायचं कारण मिळतं.

पुरावे घराबाहेर ठेवा: तारखेसकट मेसेजचे स्क्रीनशॉट, जखमांचे फोटो, इमर्जन्सीचे कागद, पोलीस रिपोर्टचा नंबर, दोघांच्या नावाचं लीज, टॅक्स रिटर्न, लग्नाचा दाखला. मेल आणि क्लाउड खात्याचा पासवर्ड त्याला माहीत असेल तर आधी नवं खातं उघडा.

भारतातलाही धागा आहे. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल तर ‘पटत नाही’ एवढ्यावर दिलेला परदेशी एकतर्फी घटस्फोट भारतीय कोर्ट सहसा मानत नाही. १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. पण तुम्ही संमती दिली असेल तर तो मान्य होण्याची शक्यता वाढते. म्हणजे त्या सहीचं वजन भारतातल्या मालमत्तेवर आणि तिथल्या खटल्यांवरही पडू शकतं, त्यामुळे तिथल्या वकिलालाही मसुदा दाखवा.

न्यू जर्सीत दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘मानवी’ ही संस्था जुनी आहे. अमेरिकेतली घरगुती हिंसाचाराची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालते, दुभाषा मागता येतो. फोन मात्र मैत्रिणीच्या मोबाइलवरून करा, कुटुंबाच्या प्लॅनच्या बिलात नंबर दिसतो.